चंदगडचा दावा बेळगावला आणता येतो का? सीमेवरच्या एका वाटणीचं प्रकरण

समन्स मराठीत होतं. आईनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि थोरल्याला विचारलं, "घर इथं, शेत इथं, आम्ही तिघं इथं. मग चंदगडच्या कोर्टात कशाला बोलवालेत?"

या एका प्रश्नाभोवती हे प्रकरण फिरतं. हे घर एकच एक घर नाही, हे आधीच सांगतो. सीमेवरच्या वाटणीच्या दाव्यांत जे पुन्हापुन्हा समोर येतं, ते एका घरात बांधून अभ्यासासाठी मांडलं आहे. कायद्याची कलमं आणि कोर्टाचे निकाल मात्र जसे आहेत तसेच आहेत.

गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्यालगत. थोडं पुढं गेलं की शिनोळी, आणि शिनोळी म्हणजे चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर. वडिलांच्या मागं जमीन राहिली ती दोन्हीकडं. अलीकडं तीन सर्व्हे नंबरांत मिळून ४ एकर २० गुंठे, भाताची आणि रताळ्याची. पलीकडं ८० आर, त्यात काजू. राहतं घर अलीकडं. वारस चौघं. आई ७८ वर्षांची, गुडघे गेलेले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. थोरला गावात शेती करतो. बहीण खानापूर तालुक्यात दिलेली. धाकटा पुण्यात नोकरीला. वाटणीचा दावा त्यानंच लावला, चंदगडच्या दिवाणी न्यायालयात.

हिश्श्यांवर भांडण नाही, चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा सगळ्यांना मान्य आहे. मुलीला मुलाइतका हक्क आहे, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानं पक्कं झालं आहे. त्यामुळं बहिणीच्या वाट्याला दोन्ही राज्यांत वेगळं काही येत नाही. भांडण आहे ते कुठला तुकडा कुणाला यावर. रस्त्याकडच्या पट्टीला आता भाव आला आहे, आणि तीच पट्टी थोरल्यानं विहीर काढून भिजवली आहे.

कागदांची पिशवी उघडली की सीमा डोळ्यांनी दिसते. अलीकडच्या जमिनीची पहाणी (कर्नाटकातला सातबारा) कन्नडमध्ये, माप एकर-गुंठ्यांत. पलीकडचा सातबारा मराठीत, माप हेक्टर-आरमध्ये. बाप एकच, पण त्याच्या जमिनीची बेरीज करायची तर आधी माप बदलून घ्यावं लागतं. थोरल्याला कामापुरतं कन्नड वाचता येतं. आईला पहाणीतले आकडे तेवढे कळतात. धाकट्याला ते कळत असले तरी बाकी काही कळत नाही, आणि त्यानं चंदगड का धरलं याचं एक कारण इथंच आहे.

दावा चंदगडला लागतो का?

लागतो. हे थोरल्याला पटवायलाच पहिली बैठक गेली.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ सांगतं की स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथं आहे तिथल्या कोर्टात लावायचा. धाकटा पुण्यात राहतो म्हणून त्याला पुण्यात दावा लावता आला नसता. पण मिळकत दोन कोर्टांच्या हद्दीत पसरली असेल तर कलम १७ लागू होतं. मिळकतीचा कुठलाही भाग ज्या कोर्टाच्या हद्दीत येतो, त्या कोर्टात सगळ्या मिळकतीचा दावा चालतो. ८० आर चंदगडमध्ये आहे, तेवढं पुरतं. वाटणीच्या दाव्यात सगळी एकत्र मिळकत घालावी लागते. अर्धी इथं आणि अर्धी तिथं असे दोन दावे लावले असते तर 'अपुरी वाटणी' म्हणून हरकत आली असती. तेव्हा एकच दावा लावणं बरोबर होतं, आणि तो कुठं लावायचा ही निवड वादीची.

अशी प्रकरणं बिघडतात ती बहुतेक वेळा इथंच. कोर्टाला अधिकारच नसणं आणि अधिकार असून ते गैरसोयीचं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिकार नसेल तर त्याच कोर्टात हरकत घ्यायची, आणि ती मुद्दे निघण्याआधी, म्हणजे कोर्टानं वादाचे प्रश्न ठरवून घेण्याआधी, घ्यायची. तसं केलं नाही किंवा त्यापायी न्यायाला बाध आला हे दाखवता आलं नाही, तर कलम २१ प्रमाणं ती हरकत नंतर वरच्या कोर्टात चालत नाही. अधिकार आहे पण गैरसोय आहे, असं असेल तर रस्ता बदलीच्या अर्जाचा. थोरल्यानं कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, "या कोर्टाला अधिकार नाही" असं लिहिलं असतं तर पहिल्याच तारखेला त्याची बाजू लंगडी पडली असती.

बदली कुणाकडं मागायची?

दोन कोर्टांपैकी कुठंही लावता आला असता असा दावा असेल, तर कलम २२ प्रतिवादीला बदली मागण्याची मुभा देतं. बाकी पक्षकारांना नोटीस देऊन, मिळेल त्या पहिल्या संधीला आणि मुद्दे निघण्याच्या आत हा अर्ज करायचा. आपलं प्रकरण या कलमात जसंच्या तसं बसतं. अर्ज कुठं करायचा ते कलम २३ सांगतं. दोन्ही कोर्टं एकाच अपील कोर्टाखाली असतील तर त्या अपील कोर्टाकडं. अपील कोर्टं वेगळी पण उच्च न्यायालय एक, तर त्या उच्च न्यायालयाकडं. आणि उच्च न्यायालयंच वेगळी असतील तर, कलम २३ च्या पोटकलम ३ प्रमाणं, दावा जिथं लागला आहे तिथल्या उच्च न्यायालयाकडं.

शब्द वाचले तर वाटतं की मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला त्याचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि कोल्हापूर जिल्हा त्याच्याखाली येतो. थोरल्याच्या एका नातेवाइकानं त्याला हेच सुचवलं होतं: "आता मुंबईला कशाला, कोल्हापूरलाच काम होतंय." सल्ला मनापासूनचा होता, पण चुकीचा.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं उज्जैन आणि मालेगाव यांच्यातलं एक प्रकरण आलं होतं. मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं उज्जैनचं वैवाहिक प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावला पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. दुसऱ्या उच्च न्यायालयाच्या हाताखालच्या कोर्टात दावा पाठवायचा अधिकार उच्च न्यायालयाला नाही, कलम २३(३) मधूनही तो मिळत नाही, तो फक्त कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयाला आहे, असं त्या निकालानं ठरवलं. म्हणून मुंबई उच्च न्यायालय चंदगडचा दावा बेळगावला पाठवू शकत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाडचं पीठही तो ओढून घेऊ शकत नाही, कारण चंदगडचं कोर्ट त्याच्या हाताखाली नाही.

अर्ज दिल्लीलाच करावा लागतो.

हे लिहिताना मला दर वेळी नकाशा समोर दिसतो. बेळगाव ते चंदगड चाळीसेक किलोमीटर. अथणी याच बेळगाव जिल्ह्यात आहे, अंतर याच्या तिपटीहून जास्त, आणि तिथला दावा बेळगावला आणायचा तर कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीश आणू शकतात. बंगळूर पाचशे किलोमीटरच्या आसपास, तिथली बदली कर्नाटक उच्च न्यायालय करतं. त्याहून विचित्र गोष्ट पलीकडं आहे. चंदगडातून तिलारी घाट उतरला की दोडामार्ग आणि पुढं गोवा. महाराष्ट्र आणि गोवा ही दोन राज्यं असली तरी उच्च न्यायालय एकच, मुंबईचं. गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या संदर्भात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अनेक राज्यांचं सामाईक उच्च न्यायालय असेल तर ते कलम २४ खाली एका राज्यातला दावा दुसऱ्या राज्यात पाठवू शकतं. म्हणजे हाच दावा चंदगडहून डिचोलीला न्यायचा असता तर मुंबई उच्च न्यायालय पुरलं असतं. शेजारच्या बेळगावसाठी दिल्ली लागते.

आणि ही रेघ जुनी नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत चंदगड हा बेळगाव जिल्ह्याचाच तालुका होता. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आई जन्मली तेव्हा तिच्या सासऱ्यांची ही दोन्ही शेतं एका जिल्ह्यात होती. त्या काळात असा दावा लागला असता तर बदलीचा अर्ज बेळगावातच निकालात निघाला असता. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा मूळ दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यात काय व्हायचं ते होवो, पण सीमेवरच्या साध्या घरगुती दाव्यालासुद्धा त्याच इमारतीची पायरी चढायला लावणं मला पटत नाही. कलम २३(३) मधले शब्द संसदेनं काढलेले नाहीत, ते पुस्तकात अजून आहेत. निदान लगतच्या जिल्ह्यांपुरता तरी त्यांना दुरुस्ती करून जीव द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

दिल्लीला गेलो असतो तर

कलम २५ चा अर्ज दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर करता येतो. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. वकिलामार्फत दाखल करायचा तर तो वकील सर्वोच्च न्यायालयात नोंदलेला लागतो. २०१९ च्या नियमदुरुस्तीनंतर असे अर्ज एक न्यायमूर्तीही ऐकू शकतात. पक्षकारानं गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन गाठायलाच हवं असं नाही. पण खर्च टळत नाही: दिल्लीचा वकील, आणि प्रत्येक कागदाचं इंग्रजी. या प्रकरणात दावा अर्ज मराठीतून आणि पहाणी कन्नडमधून, अशी दोन भाषांतरं. अर्ज निव्वळ त्रास द्यायला केला असं दिसलं तर समोरच्याला दोन हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावता येते. ती रक्कम किरकोळ आहे, पण अर्ज फेटाळल्याचा शिक्का पुढं चंदगडमध्ये अडचण करतो.

मिळालं असतं का? मी थोरल्याला स्पष्ट सांगितलं, फार अवघड आहे.

कलम २५ ची कसोटी 'न्यायाच्या हेतूंसाठी इष्ट' ही आहे. सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध रामकृष्ण हेगडे या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बदलीत न्यायाची गरज सगळ्यात वर, पक्षकारांची किंवा त्यातल्या एकाची निव्वळ सोय पुरेशी नाही. थोरल्याची यादी लांब होती. चौघांतले तिघं अलीकडं, दोन तृतीयांशाहून जास्त जमीन अलीकडं, घर अलीकडं, विहीर काढली तेव्हाचे साक्षीदार अलीकडं. एकत्र वाचली तर यादी वजनदार वाटते. पण समोरून एकच प्रश्न येणार: चाळीस किलोमीटरवर, बसनं जाता येईल अशा कोर्टात तुम्हाला न्याय मिळणार नाही असं काय आहे? याला थोरल्याकडं उत्तर नव्हतं. होतं ते आईकडं, तिच्या गुडघ्यांचं. आणि आईची अडचण सोडवायला दुसरी सोय कायद्यात आहे.

धाकट्याची बाजूही ऐकायला हवी. तो म्हणतो, "बेळगावला गेलो तर काम कन्नड आणि इंग्रजीत. आईची साक्ष ती बोलेल मराठीत आणि उतरेल तिसऱ्याच भाषेत. चंदगडला निदान वाचून दाखवतील ते तिला कळेल." कलम १३७ प्रमाणं खालच्या कोर्टांची भाषा राज्य सरकार ठरवतं. सीमाभागात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला हे बोलणं लागतं, मलाही लागलं. मराठी घरानं मराठी कोर्टातून निघून जायला मागावं, यात काहीतरी खुपतं. मात्र कायद्याच्या तराजूत भाषेचं वजन लोकांना वाटतं तितकं नाही. २०२१ मध्ये सेलमचं एक फौजदारी प्रकरण दिल्लीला मागताना अर्जदारानं तमिळ येत नाही हे कारण दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही, दुभाषाची सोय होऊ शकते म्हटलं. म्हणजे इथं भाषेच्या जोरावर धाकटा जिंकेल असं नाही, आणि उद्या उलट बाजूनं कुणी बेळगावचा दावा चंदगडला मागितला तर त्यालाही एवढ्यावर तो मिळणार नाही.

बायकांची वैवाहिक प्रकरणं बदलून मिळतात, मग आमचं का नाही, असं थोरल्यानं विचारलं. तो प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्या प्रकरणांत कोर्ट बाईची कमाई, तिच्या पदरी लहान मूल, सोबतीला कुणी नसणं, लांबचा प्रवास हे बघतं. साधारणपणे बायकोची सोय बघावी, असं २०२२ मध्येही सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे. तिथंही आपोआप काही होत नाही. सवलतीचा गैरफायदा घेतला जातो असं न्यायालयानं २००६ मध्येच नोंदवलं होतं, आणि कधी बदली नाकारून नवऱ्याला प्रवासखर्च द्यायला लावलं जातं. निपाणीच्या मुलीवर पुण्यात केस झाली तर तिच्या अर्जात दम असतो. कोल्हापुरात झाली तर अंतर चाळीसेक किलोमीटर, आणि मग नुसत्या सीमेच्या नावावर काही मिळत नाही.

दिल्लीचा अर्ज मंजूर झाला असता तरी एक गोष्ट थोरल्याच्या लक्षात आलेली नव्हती. कलम २५ चं पोटकलम ५ म्हणतं की दावा मुळात जिथं लागला त्या कोर्टानं जो कायदा लावला असता, तोच बदलीनंतरच्या कोर्टानंही लावायचा. कोर्ट बदलतं, कायदा सोबत येतो. वाटणीत हे महत्त्वाचं ठरतं. हुकूमनामा (दाव्याचा निकाल) झाल्यावर सारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी कलम ५४ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. कर्नाटकानं याच कलमात आपल्यापुरता बदल करून ते काम कोर्टाकडं ठेवलं आहे, गरज पडली तर तहसीलदार दर्जाच्या अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. तेव्हा दावा कुठंही चालो, बांध घालायच्या वेळी दोन्ही बाजूंचे कागद आणि दोन्ही बाजूंचे मोजणीदार लागणारच.

काय केलं

दिल्लीचा नाद सोडला. पहिली निकड कैफियतीची होती. समन्स पोचल्यापासून ३० दिवस, कोर्टानं वाढवून दिले तर ९०. बदलीच्या चर्चेत तीन आठवडे असेच गेले होते. या चर्चेत मुदत जाणं ही सीमेवरच्या पक्षकारांची सर्रास होणारी चूक आहे. कैफियत मुदतीत गेली, तीत हिस्से मान्य केले, विहिरीचा खर्च मांडला आणि तीच पट्टी थोरल्याच्या वाट्याला लावावी अशी मागणी केली.

दुसरा अर्ज आईसाठी. संहितेचा आदेश २६ कोर्टाला कमिशनर नेमून साक्ष घ्यायचा अधिकार देतो. आजारी किंवा दुबळ्या माणसासाठी तो आहेच, शिवाय त्यातला नियम ४ कोर्टाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या माणसासाठीही आहे. चंदगडच्या कोर्टाला सीमेपलीकडच्या घरात जाऊन साक्ष घ्यायला वकिलाची नेमणूक करता येते, किंवा तिथल्या कोर्टाकडं कमिशन पाठवता येतं. डॉक्टरांचा दाखला जोडला. धाकट्यानं हरकत घेतली नाही, उलट त्याच्या वकिलानं संमतीची सही केली. कमिशनरचा खर्च कुणी द्यायचा यावर थोडी घासाघीस झाली आणि तो दोघा भावांनी अर्धा अर्धा वाटून घेतला.

तिसरं काम कागदांचं. कन्नड पहाणीचं मराठी भाषांतर, आणि सोबत एकर-गुंठ्यांचं आरमध्ये रूपांतर केलेला तक्ता. ४ एकर २० गुंठे म्हणजे सुमारे १८२ आर. पलीकडचे ८० आर धरून एकूण २६२. चौथा हिस्सा साडेपासष्ट आर. हा तक्ता समोर आल्यावर पहिल्यांदा सगळ्यांना कळलं की पलीकडचा काजूचा सगळा तुकडा कुणा एकाला दिला तर त्याला साडेचौदा आर जास्त जातात. तोवर दोन मापांत भांडण चाललं होतं.

आईची साक्ष घराच्या पडवीत झाली. कमिशनर चंदगडहून आले, दोन्ही वकील हजर होते, धाकटा आदल्या रात्री पुण्याहून आला होता आणि आईच्याच हातचं जेवला होता. साक्ष मराठीत उतरली आणि तिला वाचून दाखवली. विहीर कुणी काढली, पैसा कुणाचा, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पैसा थोरल्याचा. पण पहिल्या वर्षी मोटारीचं बिल धाकट्यानं पाठवलं होतं, ते पण लिवा." उलटतपासात दोन्ही वकिलांनी फारसं काही विचारलं नाही. सगळं दीड तासात आटोपलं.

मुद्दे निघाले आहेत. पुढची तारीख थोरल्याच्या साक्षीची आहे, चंदगडला. बहिणीनं अर्ज दिला आहे की तिला हिस्सा अलीकडच्या भातशेतीत मिळावा, खानापूरहून तिला तेच जवळ पडतं. रस्त्याकडची पट्टी आणि विहिरीचा खर्च यावर बोलायला धाकटा तयार झाला आहे. जमलं तर त्याच दिवशी तडजोडीचा मसुदा कोर्टापुढं ठेवायचा, असं दोन्ही वकिलांचं ठरलं आहे.